हरवलेली आठ सेकंदे

१९९६ साली पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाने बसवलेल्या एकांकिकेचे पार्श्वसंगीत मी घरच्या संगणकावर केले होते. करंडक मिळाला नाही, पण भरत नाट्य मंदिरात आमच्याही मुलांनी ‘आवाज कुणाचा’ म्हणून घसा बसेपर्यंत ओरडून घेतले, आणि ती मंडळी अजूनही वर्षातून एकदा भेटतात. यंदा त्यांनी त्या एकांकिकेचे अभिवाचन करायचे ठरवले. संगीत साहजिकच माझ्याकडे आले. त्या वेळची मिडी फाइल, म्हणजे संगणकाने वाजवायच्या सुरांची नोंद, मी फ्लॉपीवरून पुढच्या प्रत्येक संगणकावर उतरवून घेत आलो होतो, त्यामुळे काम दहा मिनिटांचे आहे असे समजून मी ती लॅपटॉपवर वाजवली, ध्वनिमुद्रित केली आणि आमच्या दिग्दर्शिकेकडे पाठवून दिली. रात्री तिचा फोन आला.

“अरे, चाल तीच आहे, पण हे आपलं नाहीये. आणि तार वाचून झाल्यावरचा तो थांबा कुठे गेला? तू काढलास?”

मी काहीही काढले नव्हते, पण थांबा मलाही स्वच्छ आठवत होता. त्या प्रसंगात सूरपेटीचा षड्ज-पंचम सतत चालू असे, मग सर्व वाद्यांचा एकच कल्लोळ होई आणि त्याच्या पाठोपाठ सूरपेटीसकट सगळे बंद पडून रंगमंचावर पूर्ण शांतता पसरे. नटांनी त्या शांततेवर आपल्या हालचाली बांधल्या होत्या. लॅपटॉपवर मात्र कल्लोळ ओसरल्यानंतर सूरपेटी निवांत चालूच राहत होती.

मी बांधलेला पहिला तर्क असा, की फ्लॉपीवरची फाइल हा आधीचा खर्डा असावा आणि थांबा घातलेली अंतिम आवृत्ती जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर राहिली असावी. त्या काळी प्रयोगासाठी केलेली कॅसेट केव्हाच बुरशीने खाल्ली होती. तो संगणक मात्र आईच्या कर्वेनगरच्या घरी माळ्यावर, एका जुन्या चादरीत गुंडाळलेला होता, आणि इमारत पुनर्विकासाला जाणार असल्यामुळे माळा तसाही रिकामा करायचा होताच.

तो ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स२. त्यात साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड, जे मामांनी सिंगापूरहून येताना आणले होते. क्रिएटिव्ह ही कंपनी मूळची तिथलीच, तेव्हा आमच्या घरात या कार्डाला परदेशी वस्तूचा नव्हे तर माहेरच्या वस्तूचा मान होता. त्या काळच्या संगणकाला स्वतःचा म्हणून फक्त एक टुकटुक करणारा छोटा स्पीकर असे. बाकी सगळा आवाज मदरबोर्डाच्या खाचेत बसवलेल्या या वेगळ्या कार्डातून यायचा.

पेटी उघडल्याबरोबर जे दिसेल अशी भीती होती तेच दिसले. ४८६च्या मदरबोर्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची नळकांड्यासारखी बॅटरी सोल्डर करून बसवलेली असते, ती तीस वर्षांत पाझरते आणि तिच्यातला क्षार आसपासचे तांबे खाऊ लागतो. माझ्या बोर्डावर बॅटरीभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी पूड जमली होती. बॅटरी कापून काढली, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावून क्षार मारला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतले आणि भिंगाखाली एकेक रेघ तपासली. दोन रेघा पातळ झाल्या होत्या, पण तुटलेली एकही नव्हती. नव्या बॅटरीसाठी बोर्डावर चार खिळ्यांची जागा असते. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा जोडला. असले डबे, वायरी आणि सोल्डरचे सामान घ्यायला मी तपकीर गल्लीत गेलो, तेव्हा मोबाइलच्या कव्हरांच्या लोंबत्या माळांमागे ती जुनी सुट्या भागांची दुकाने अजून शिल्लक असलेली पाहून बरे वाटले.

वीजपुरवठ्याच्या पेटीतून बोर्डाला येणारी दोन पांढरी प्लग शेजारी-शेजारी बसतात आणि ती उलटी बसवली तर बोर्ड कायमचा जातो. त्या वेळी आम्हाला कुणीतरी ‘काळ्याशेजारी काळी’ एवढाच मंत्र दिला होता, म्हणजे दोन्ही प्लगांच्या काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हात आपोआप तसाच गेला. त्याआधी पेटीतून बाहेर येणारी पाच आणि बारा व्होल्ट मल्टिमीटरने पाहून घेतली, कारण जुन्या पेटीतले कपॅसिटर कसे वागतील याचा नेम नसतो.

हार्ड डिस्क पहिल्यांदा फिरलीच नाही. आतली चकती आणि तिच्यावर टेकलेला हेड वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर एकमेकांना चिकटतात, हे ऐकून होतो. डिस्क सपाट हातात धरून मनगटाने दोन-तीन हलके हिसके दिले आणि पुन्हा वीज दिली, तेव्हा ती आधी कण्हली आणि मग चढत्या सुरात फिरू लागली. बॅटरी गेल्यामुळे संगणक आपली सगळी ओळख विसरला होता. डिस्कच्या पाठीवर छापलेले सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे हाताने भरल्यावर डॉस, म्हणजे त्या काळचा संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, उठला आणि त्याने तारीख १ जानेवारी १९८० अशी सांगितली.

फाइल सापडली. मी ती फ्लॉपीवर घेतली, माझ्याकडच्या प्रतीशी डॉसच्या ‘एफसी’ आज्ञेने बाइट-बाइट ताडून पाहिली, आणि दोन्हींत एकाही बाइटचा फरक नव्हता. २२ किलोबाइटची तीच फाइल, त्याच सुरावटी. सूरपेटीचे तीन सूर आठ मात्राखंड सलग धरलेले, कल्लोळानंतरही तसेच चालू ठेवलेले. म्हणजे थांबा मी कधी लिहिलाच नव्हता. तरीही तो आम्ही दोघांनी ऐकला होता, आणि एका सभागृहाने ऐकला होता.

आता कार्ड वाजवून पाहण्याखेरीज गत्यंतर नव्हते. कार्ड खाचेतून काढून त्याचे पिवळे दात खोडरबराने घासले आणि परत बसवले. जंपरवर, म्हणजे कार्डावरच्या खिळ्यांना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर, पत्ता २२० होता, बाकीचे आकडे सुरुवातीच्या फाइलमध्ये माझ्याच हातचे होते: आय ५, डी १, एच ५, पी ३३०, टी ६. आजच्या वाचकाला ही मंत्राक्षरे वाटतील, पण त्या वेळी खेळ खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ती पाठ असत. कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक स्वतंत्र तार लागते, तिचा क्रमांक ५. नमुनाबद्ध, म्हणजे आधी मुद्रित केलेला, आवाज परस्पर स्मृतीतून उचलण्यासाठी दोन मार्ग लागतात, ते १ आणि ५. सात नंबरची तार प्रिंटरची, म्हणून ती कार्डाला दिली की कधी छपाई अडायची तर कधी आवाज अडखळायचा. १९९५च्या दिवाळीत माझे चार दिवस या एका आकड्यात गेले होते. या खेपेला मात्र चाचणीचा प्रोग्राम एका दमात सगळे ‘ठीक’ म्हणाला आणि स्पीकरमधून डावीकडे काहीच नाही, उजवीकडे डास गुणगुणावा तसे काहीतरी, एवढेच ऐकू आले. कार्ड गेले, असे मी धरून चाललो.

बुधवार पेठेत जुने संगणक मोडीत घेणाऱ्या एका दुकानात ‘साउंड ब्लास्टर १६च आहे, साहेब, चालू आहे’ असे म्हणून मला एक कार्ड मिळाले. ते खोटे नव्हते. चालूही होते आणि नावही तेच होते. त्याला जागे करण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागला, कारण ते नंतरच्या, जंपर नसलेल्या पिढीचे होते. जुन्या विंडोज ३.१मध्ये तोच जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला हुकूम देणारा प्रोग्राम, ठेवून मी फाइल वाजवली. सूरपेटी सुरू झाली, सितार आली, सनई आली, कल्लोळ झाला, आणि मग शांतता. मी घड्याळ लावून मोजले. आठ सेकंद. त्यानंतर पुढच्या आवर्तनाला सूरपेटी नव्याने लागते तिथे ती पुन्हा सुरू झाली.

कारण शोधायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. या कार्डांवरील संगीत हे ध्वनिमुद्रण नसते. फाइलमध्ये फक्त कोणते वाद्य, कोणता सूर, केव्हा दाबला आणि केव्हा सोडला एवढीच नोंद असते, आणि आवाज प्रत्यक्ष त्या क्षणी कार्डावरील चिप तयार करते. साउंड ब्लास्टर १६च्या नावातील १६ या आकड्याचा या चिपशी काही संबंध नाही, तो नमुनाबद्ध आवाजाच्या बिटांचा आकडा आहे. माझी स्वतःची समजूत बरीच वर्षे उलट होती. चिप यामाहाची, ओपीएल३. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंप्रता हलवून नवा नाद निर्माण करायचा, ही तिची रीत. १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना ती गवसली आणि यामाहाने ती वाद्यांत आणली. १९८३चा डीएक्स७ हा कीबोर्ड त्याच घराण्यातला. दोन-दोन लहरींच्या जोड्या केल्या तर ओपीएल३ एका वेळी १८ सूर धरू शकते. एकोणिसावा सूर आला की काय करायचे, हे चिप ठरवत नाही, ड्रायव्हर ठरवतो.

माझा ड्रायव्हर काय ठरवत होता, ते पाहण्यासाठी मी एक रिकामी फाइल केली आणि एकेका मात्रेला एकेक सूर दाबून धरत गेलो, कुठलाही न सोडता. पहिला सूर मुद्दाम खर्जातला घेतला, म्हणजे तो गेला तर लगेच कळावे. सतरा झाले, अठरा झाले, घरात कंदिलाच्या भोवती भुंगे जमावेत तसा गोंगाट झाला. एकोणिसावा सूर लागला आणि त्याच क्षणी खर्ज गळून पडला. सर्वांत जुना सूर काढायचा आणि त्याची जागा नव्याला द्यायची, असा सरळ हिशेब होता. आता माझा कल्लोळ मोजला. सूरपेटीचे तीन सूर, सितारीचे दोन, सनईचा एक, तंतुवाद्यांचे सहा, पितळी वाद्यांचे सहा, तालवाद्यांचे तीन: एकूण एकवीस. तीन जास्त. त्या क्षणी सर्वांत जुने सूर कुठले, तर आधीपासून धरून ठेवलेले सूरपेटीचे तीन. ते गेले. कल्लोळ सहाव्या मात्राखंडाच्या अखेरीस संपत होता आणि सूरपेटी नव्याने लागायची ती नवव्या खंडाच्या सुरुवातीला. लय मिनिटाला साठ, खंड चार मात्रांचा, म्हणजे मध्ये बरोबर आठ सेकंद काहीही नाही. लॅपटॉपवर विंडोजचे जे अंतर्गत वाद्यसंच आहे ते रोलंडच्या नमुन्यांवर चालते आणि कितीतरी अधिक सूर सहज सांभाळते, म्हणून तिथे कुणालाच बाहेर जावे लागत नव्हते.

थोडक्यात, जी शांतता मी सुचवली म्हणून त्या वेळी माझे कौतुक झाले होते, ती मी सुचवली नव्हती. १९९६मध्ये मला ती फाइलच्या रचनेतून आपोआप साधली असे वाटले असणार, आणि कौतुक कुणाला नको असते.

थांबा मिळाला, पण नाद मिळाला नव्हता. या दुसऱ्या कार्डावर सितार पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखी येत होती आणि सनईच्या प्रत्येक सुरामागे एक बारीक किणकिण उरत होती. चिपांवरची अक्षरे भिंगातून वाचली, तेव्हा यामाहाची चिप त्यावर कुठेच नव्हती. नंतरच्या काही साउंड ब्लास्टर १६ कार्डांवर ओपीएल३ऐवजी तिच्याशी जुळवून घेणारी, सीक्यूएम नावाची क्रिएटिव्हची स्वतःची रचना आहे. सूर बरोबर लागतात, अठराचा हिशेबही जमतो, पण वाद्याचा पोत निराळा. खेळ खेळण्यासाठी तेवढ्याने भागते. माझी मात्र अडचण अशी, की आमच्या संगीतात सितार आणि सनई ही दोन वाद्ये सतत होती. १९९१च्या जनरल मिडी या ठरावात १२८ वाद्यांची यादी आहे, तिच्यात १०५व्या क्रमांकावर सितार आणि ११२व्या क्रमांकावर सनई आहे. आपल्याकडच्या मुलाला त्या यादीत आपले म्हणून एवढेच सापडायचे, तर आम्ही ती वापरून वापरून झिजवली. सूरपेटीसाठी मी २१व्या क्रमांकाचा रीड ऑर्गन घेतला होता.

तेव्हा मूळ कार्डच दुरुस्त करायचे ठरवले. बुधवार पेठेतच एका जिन्याखाली अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे कार्ड घेऊन गेलो. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडाकडे केले, आवाज बाहेर पडतो त्या बाजूची गोल नळकांडी एकामागून एक मीटरला लावली आणि म्हणाले, “चिपला काही नाही झालेलं. कंडेन्सर सुकलेत. पाणी आटलेल्या विहिरीतून मोटर काय उपसणार?” आवाज चिपमध्ये तयार होत होता, पण बाहेरच्या वाटेवरचे कपॅसिटर वयाने कोरडे झाल्यामुळे खर्ज अडून राहत होता आणि डावीकडचे तर सगळेच अडत होते. काकांनी सात नळकांडी बदलली. पहिले उलटे बसवले गेले आहे हे त्यांच्याच ध्यानात आले, त्यांनी स्वतःलाच एक शिवी घातली आणि ते काढून सरळ केले. कामाचे पैसे त्यांनी माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी घेतले, पण कार्ड तिथेच वाजवून दाखवता येत नाही याची हळहळ मात्र पुन्हा पुन्हा व्यक्त केली.

घरी आल्यावर कार्ड बसवले आणि फाइल लावली. त्या आवाजाचे वर्णन करणे अवघड आहे. तो खऱ्या सितारीसारखा मुळीच नाही. सितार म्हणून तो हास्यास्पदच आहे. पण त्याला एक रुंद, किंचित काचेसारखी चमक आहे आणि सूर विझताना ती चमक आधी विझते व मागे साधी गोल लहर उरते. दिग्दर्शिकेला मी फोन स्पीकरजवळ धरून दहा सेकंद ऐकवले. ती म्हणाली, “हां. हे.”

ध्वनिमुद्रणाच्या कामात मग एक अख्खा रविवार गेला. या कार्डावर स्पीकर थेट चालवण्यासाठी छोटा अँप्लिफायर असतो आणि त्याची सरसर ध्वनिमुद्रणात ठळक येते. दोन जंपर हलवून तो बाजूला सारता येतो, हे बोर्डावरच्या बारीक अक्षरांवरून कळले. मिक्सरमधील माइक आणि सीडीचे मार्ग बंद केल्यावर सरसर आणखी उतरली. लॅपटॉपला यूएसबीचा ध्वनिसंच जोडून त्यात आवाज घेतला, तर खाली पन्नास हर्ट्झची घुमघुम आली. दोन्ही यंत्रे निरनिराळ्या प्लगांतून जमिनीला जोडली गेली की असे होते. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला आणि घुमघुम गेली. २२ किलोबाइटच्या अकरा मिनिटांच्या संगीताची २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची ध्वनिफीत सुमारे १९० मेगाबाइटची झाली. डिस्क मध्येच वाचू लागली की तिची कुरकुर कार्डात शिरत होती, आणि नेमकी आठ सेकंदांच्या शांततेत ती ऐकू यायची. म्हणून फाइल आधी एकदा पूर्ण वाजवून घेऊन, डिस्क स्वस्थ झाल्यावर दुसऱ्या खेपेला मुद्रण केले.

हे सगळे लॅपटॉपवरच्या अनुकरणाने, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने, झाले नसते का, हा प्रश्न जाणकार विचारतील आणि तो रास्त आहे. ओपीएल३चे आजचे सॉफ्टवेअर अनुकरण फार काटेकोर आहे, कारण ती चिप म्हणजे शेवटी गणितच. जुन्या डिस्कवरचे विंडोज आणि तोच ड्रायव्हर उचलून मी डॉसबॉक्स या अशाच प्रोग्राममध्ये चालवून पाहिले, तेव्हा नादही आला आणि थांबाही आला; दोन ध्वनिफिती आलटून पालटून ऐकताना मला स्वतःला फरक सांगता आला नाही. सुरुवातीला मात्र मी दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रामने फाइल वाजवली असती, त्याचा सूर वाटपाचा हिशेब वेगळा निघाला असता, आणि थांबा माझ्याच आठवणीतला भास ठरून गेला असता. ड्रायव्हर मिळाला तो माळ्यावरच्या डिस्कवर, म्हणून चादर सोडण्याला पर्याय नव्हता, एवढे मी आईला सांगितले. तिला तो डबा घरातून जाणार एवढ्याशीच कर्तव्य होते.

तालमीत संगीत लावले. तार वाचून झाली, कल्लोळ झाला, शांतता झाली. सूरपेटी परत लागली तेव्हा आमच्या एकांकिकेतला बाप अजून खुर्चीच्या हातावर भार देऊन उठतच होता. १९९६ साली वीस वर्षांच्या मुलाने पांढरे केस लावून केलेली ती भूमिका आता तोच केस न लावता करतो आहे.

“दहा कर,” दिग्दर्शिका मला म्हणाली. “आठात नाही होत आता त्याला.”

घरी येऊन मी फाइल उघडली, सूरपेटीचे नवव्या खंडातले तीन सूर दोन मात्रा पुढे सरकवले, आणि चार्जर काढून पुन्हा मुद्रणाला बसलो.